कोरीवकामाचं लाकूड : बासवूड, शिवण आणि बाकी सगळं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात हौसेनं लाकूड कोरणारे हल्ली बरेच झालेत. बहुतेकांची सुरुवात व्हिडिओ बघून होते. व्हिडिओतला माणूस बासवूडचा ठोकळा हातात घेतो, आणि आपण वखारीत जाऊन तेच मागितलं की वखारवाला नुसता तोंडाकडे बघत राहतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बासवूड म्हणजे नक्की कुठलं झाड? आपल्याकडे लावता येईल का?

उत्तर अमेरिकेतलं, थंडीत पानं गाळणारं झाड. शास्त्रीय नाव टिलिया अमेरिकाना. युरोपातली त्याची भावंडं लिंडेन किंवा लाइमवुड या नावानं विकली जातात, त्यांचा आपल्या लिंबाशी काही संबंध नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्रिनलिंग गिबन्सनं फुलाफळांच्या नाजूक माळा कोरल्या, त्या याच भावंडाच्या लाकडात.

कोरणारे त्याच्यामागे का लागतात? छिद्रं बारीक, रेषा जेमतेम दिसणाऱ्या, वास नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठोकळाभर मऊपणा सारखा. पटाशी चालता चालता अचानक अडत नाही आणि अचानक घसरतही नाही. वाळल्यावर घनमीटरला सुमारे ४१५ किलो भरतं. साग साधारण ६५० च्या आसपास असतो.

लावायचं म्हणाल तर ते थंड मुलखातलं झाड आहे. उन्हाळ्यात ४० अंश ओलांडणाऱ्या सांगलीत त्याच्यामागे लागू नका. तेवढ्या काळात बांधावर शिवण हे आपल्याकडचं झाड चांगलं वाढेल (प्रश्न ६).

२. साताऱ्यात किंवा सांगलीत कुठे मिळेल? वखारीत कोणी नावही ऐकलेलं नाही.

वखारीत मिळणार नाही. इमारतीच्या आणि फर्निचरच्या लाकडावर चालणारा तो धंदा आहे, बासवूडला तिथे गिऱ्हाईकच नाही. मग तीन वाटा उरतात.

पहिली, ऑनलाइन ठोकळे. सोय आहे, पण महाग पडतं आणि फसगतही होते (प्रश्न ३).

दुसरी, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मॉडेलचं सामान देणारी दुकानं. तिथे बाल्सासोबत बासवूडच्या पातळ पट्ट्या असतात. त्यात मूर्ती होत नाही, पण उथळ नक्षी, अक्षरं, जाळी यांचा सराव छान होतो. सांगलीत नसलं तर कोल्हापूर किंवा पुण्यात बघा.

तिसरी, पुण्या-मुंबईचे परदेशी लाकूड आणणारे व्यापारी. ते फळ्या विकतात, ठोकळे नाहीत, आणि एकट्या माणसाला दोन फूट कापून देण्यात त्यांना रस नसतो. चार-पाच जणांनी मिळून एक फळी घ्यावी, ती गावातल्या सॉ मिलमध्ये कापून वाटून घ्यावी. भाव विचारताना नगावर जाऊ नका, घनफुटावर आणा. ऑनलाइन ठोकळ्याचाही भाव घनसेंटिमीटरवर काढून बघा, म्हणजे 'दहा ठोकळ्यांचा सेट' खरोखर स्वस्त आहे की ठोकळेच बारके आहेत ते कळतं.

लाकडी पडदेपट्ट्या बसवणाऱ्यांकडेही विचारून बघा. त्या पट्ट्या अनेकदा बासवूडच्या असतात आणि कापून उरलेले तुकडे ते टाकून देतात. फक्त रंग मारलेला तुकडा घेऊ नका.

३. ऑनलाइन मागवलेलं खरं बासवूड आहे हे घरी कसं ओळखायचं?

वजनानं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. समजा ठोकळा १५ × ५ × ५ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे ३७५ घनसेंटिमीटर. खरं, वाळलेलं बासवूड असेल तर वजन १५० ते १७० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. १०५-११० ग्रॅमच भरला तर तो बहुधा पावलोनिया हे फारच हलकं लाकूड, त्यात धार दाबली की लाकूड कापण्याऐवजी चेपतं. दोनशेच्या वर गेला तर एक तर ओला आहे, नाही तर लाकूडच वेगळं.

वजन बरोबर आलं तरी दोन गोष्टी बघा. आडव्या कापाच्या तोंडावर उघड्या डोळ्यांना भोकं दिसली तर ते बासवूड नाही, त्याची छिद्रं भिंगाशिवाय दिसत नाहीत. आणि कोपऱ्यावरून चाकूनं एक पातळ सालपट काढा. कापलेली जागा गुळगुळीत आणि किंचित चमकदार राहिली पाहिजे.

आशियातून येणारं बासवूड टिलियाच्याच दुसऱ्या जातींचं असतं. त्यात वाईट काही नाही, पण एका सेटमधले दोन ठोकळे सारखे निघतीलच असं नाही. चेहरा कोरायचा असेल तर सेटमधला सगळ्यात एकसारखा ठोकळा त्यासाठी बाजूला ठेवा.

४. ठोकळा पांढरा नाही, तपकिरी आहे. परत पाठवू का?

घाई करू नका. झाडाचा बाहेरचा भाग पांढरट-सायीसारखा आणि गाभा फिकट तपकिरी असतो, म्हणजे रंगावरून लाकूड खराब ठरत नाही. मात्र अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड भागातलं, सावकाश वाढलेलं लाकूड जास्त पांढरं आणि एकसारखं असतं म्हणून कोरणारे ते मागतात. विक्रेत्यानं 'नॉर्दर्न' लिहून गाभ्याचा तपकिरी तुकडा पाठवला असेल तर तक्रार रास्त आहे. रंगवायची बाहुली करणार असाल तर दुर्लक्ष करा. निळसर-काळे पट्टे असतील तर गोष्ट वेगळी. तो बुरशीचा डाग, लाकूड वाळायला उशीर झाल्याची खूण. त्यानं ताकद फारशी कमी होत नाही, पण डाग जात नाही.

५. माझं बासवूड दगडासारखं कडक आहे. सगळे तर लोण्यासारखं म्हणतात!

ते भट्टीत जास्त वाळवलेलं असणार. तिकडे फर्निचरसाठी लाकूड ६ ते ८ टक्के ओलाव्यापर्यंत उतरवतात. कोरायला १० ते १२ टक्के बरं.

पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलमध्ये मिळतं) निम्मं-निम्मं स्प्रेच्या बाटलीत घ्या, कोरायच्या जागी हलका फवारा मारा, मिनिटभर थांबा. अल्कोहोलनं पाणी आत लवकर मुरतं आणि वरचा थर पटकन वाळतो. ठोकळा भिजवू मात्र नका, बाहेरून फुगतो आणि आत कोरडाच राहतो. फवारताना जवळ उदबत्ती, गॅस, सिगारेट नको.

सांगलीच्या पावसाळ्यात याची गरज बहुधा पडतच नाही. ठोकळा दोन-तीन आठवडे उघड्या फडताळात ठेवला की हवेतला ओलावा आपोआप घेतो.

६. बासवूडऐवजी इथलं कुठलं लाकूड चालेल?

आमचं मत आधीच सांगून टाकतो: शिकण्याची पहिली दोन-तीन वर्षं इथल्याच लाकडावर काढावीत आणि बासवूड नाजूक चेहऱ्यांसाठी राखून ठेवावं. नावामागे धावण्यापेक्षा वजन, रेषा आणि कोरडेपणा हे तीन बघायला शिकलेला माणूस कुठल्याही वखारीतून कामाचं लाकूड उचलतो. खालची वजनं प्रश्न ३ मधल्याच मापाच्या ठोकळ्याची, अंदाजानं.

शिवण: पहिली पसंती. १८० ग्रॅमच्या आसपास. फिकट पिवळसर, मऊ, आणि वाळल्यावर फार कमी आकसते-फुगते, हा तिचा मोठा गुण. रेषा बासवूडपेक्षा ठळक आणि कधी कधी उलट्या जातात, तेवढं सांभाळायचं. सह्याद्रीच्या उतारांवर आणि लागवडीतही असते. वखारीत 'शिवण आहे का' विचारा, फर्निचरवाल्यांना ती माहीत असते.

पांगारा: ११० ग्रॅम, फारच हलका. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना परंपरेनं हाच वापरतात. कोरायला सोपा, पण बारीक कड टिकत नाही, म्हणून ठसठशीत आकार करा आणि रंगवा. मुखवट्यांना उत्तम.

काटेसावर: पांगाऱ्यासारखीच, अजून भरड. कीड आणि डाग दोन्ही लवकर पकडते. फुकट मिळाली तरच.

सातवीण: पांढरट, हलकी. पूर्वी शाळेच्या पाट्या आणि फळे हिचे करत. एकसारखेपणात बासवूडच्या बरीच जवळ जाते. हिच्या लाकडात चिकाच्या बारीक फटी असतात आणि त्या नेमक्या नाकाच्या शेंड्यावर उघडतात. कोरण्याआधी ठोकळा चारी बाजूंनी बघून घ्या.

काळा कुडा: चन्नपट्टणच्या खेळण्यांचं लाकूड. हस्तिदंती रंग, अतिशय बारीक पोत. पण कडक आणि खोड लहान. लेथवर सुरेख, चाकूनं कोरायला नवशिक्याची परीक्षा.

हळदू: २५० ग्रॅमच्या पुढे. पिवळा, गुळगुळीत, बारीक तपशील धरून ठेवणारा. हातोडी-पटाशीवाल्यांना आवडेल, चाकूवाल्यांची बोटं दुखतील.

सिल्व्हर ओक: पाचगणीत ढिगानं दिसतो म्हणून हमखास विचारला जातो. त्याच्या लाकडातल्या चकाकत्या ठिपक्यांवर नक्षी हरवून जाते, सालपं उडतात, आणि काहींच्या त्वचेला त्यानं खाज सुटते. फळीवर पॉलिश करून बघत बसायला सुंदर.

७. सुतारदादा म्हणतात सागवानच घ्या. आणि हार्डवेअरमधलं पाइन?

सुतारदादा दाराच्या हिशोबानं बोलतात आणि तिथे ते बरोबरच आहेत. सागात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार खातो. शिवाय त्याच्या वाढीच्या कड्यांत मऊ आणि कडक थर आलटून पालटून येतात. पाइनमध्ये हा फरक आणखी जास्त. फिकट पट्टा लोण्यासारखा कापला जातो आणि पुढचा तांबूस पट्टा चाकू थोपवतो. चेहऱ्यासाठी दोन्ही नकोत. खोल नक्षीच्या चौकटीसाठी साग जरूर घ्या, धार लावायची तयारी ठेवून.

८. रेषा 'सरळ' आहेत हे दुकानात उभ्या उभ्या कसं बघायचं?

ठोकळ्याच्या दोन शेजारच्या बाजू बघा, एक बघून चालत नाही. दोन्ही बाजूंवर रेषा कडेला समांतर जात असतील तर ठोकळा सरळ. एका बाजूवर तिरक्या बाहेर पडत असतील तर त्या बाजूनं कोरताना लाकूड उचकटणार. रेषा दिसतच नसतील (बासवूडमध्ये हे होतं) तर पाण्याचं बोट फिरवा, क्षणभर उमटतात.

मग आडव्या कापाचं तोंड बघा. कड्यांचा मध्यबिंदू, म्हणजे झाडाचा गर, ठोकळ्यात असेल तर तो घेऊ नका. आज ना उद्या तिथून चीर जाणारच. टोकाला केसासारखी भेग असेल तर ती दिसते त्यापेक्षा आत गेलेली असते, ती संपल्यावर पुढे आणखी बोटभर कापायचं हे धरून भाव करा.

९. एमआयडीसीत पॅकिंगची खोकी, पॅलेट फुकट मिळतात. त्यातलं लाकूड वापरू का?

आधी शिक्का बघा. परदेशातून आलेल्या पॅकिंगवर गव्हाच्या कणसाची खूण असलेला शिक्का असतो. त्यात 'एचटी' अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल, किंवा तेल-रसायन सांडल्याचे डाग असतील, तर तेही सोडा. चाललंच तर बहुतेक ते पाइन निघतं, म्हणजे प्रश्न ७ लागू. आणि खिळे! पटाशीची धार एका तुटक्या खिळ्यानं जाते.

१०. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम चालतं. त्या कारागिरांकडून तुकडे मिळतील का?

मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हा प्रश्न जास्त येतो. तिथे मुख्यतः तूण वापरतात. तांबूस, हलकं, मंद वासाचं लाकूड. भोपळ्याला दांडी जोडतात तिथली पानं कोरलेली तुम्ही पाहिली असतीलच, तशा उथळ नक्षीला तूण फार छान. चेहऱ्याला नाही, कारण रेषा उठून दिसतात आणि बारीक कडा तुटतात.

मुरवत ठेवलेलं लाकूड त्यांच्याकडे मागू नका. ते वाद्यासाठी वर्षानुवर्षं सांभाळलेलं असतं. कामातून उरलेले तुकडे असतील तर पैसे देऊन घ्या.

११. साताऱ्यात कोरलेली मूर्ती जतला बहिणीकडे दिली, महिन्यात तडकली. लाकूड खराब होतं का?

लाकूड खराब नव्हतं, हवा बदलली. पावसाळ्यात घाटमाथ्याकडच्या हवेत लाकडाचा ओलावा १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात तेच ८ पर्यंत उतरतं. बासवूड हलकं असलं तरी आकसतं भरपूर: पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत कड्यांच्या दिशेनं सुमारे ९ टक्के, त्याच्या आडव्या दिशेनं सुमारे साडेसहा. १५ वरून ८ वर आलं तर ५ सेंटिमीटरच्या ठोकळ्यात मिलिमीटरभर फरक पडतो. बाहेरची बाजू आधी आकसते, आतली जागची हलत नाही, आणि मधे चीर पडते.

उपाय दोन. ठोकळ्यावर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा. आठवड्याच्या अंतरानं वजन स्थिर राहिलं की मगच कोरायला घ्या. आणि काम झाल्यावर सगळीकडे फिनिश द्या, तळालासुद्धा. तळ कोरा ठेवला तर ओलावा तिथूनच ये-जा करतो.

नेमका ओलावा हवा असेल तर छोटा तुकडा ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. २३ ग्रॅमचा २० झाला तर गेलेले ३ भागिले २०, म्हणजे १५ टक्के.

१२. शेतातली शिवण वादळात पडली. परवानगी लागते का? वाळवायची कशी?

राज्यात १९६४ पासून झाडतोडीवर नियमन करणारा कायदा आहे, आणि साग, चंदन, खैर, आंबा, हिरडा अशा यादीतल्या झाडांना पूर्वपरवानगी लागते, ती स्वतःच्या शेतातली असली तरी. यादीबाहेरच्या झाडाचंही लाकूड गाडीत घालून गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो. तलाठ्याला सांगा, पडलेल्या झाडाचा पंचनामा करून घ्या, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा आणि मगच करवत लावा. कोयना-चांदोली भागात तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही.

वाळवताना पहिल्या दिवसाचं काम सगळ्यात मोलाचं. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना त्याच दिवशी मेण किंवा जुना ऑइलपेंट जाड लावा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात वेगानं जातं आणि भेगा तिथेच सुरू होतात. ओंडका तसाच पडू देऊ नका. गरातून उभा चिरून दोन किंवा चार फाका करा, साल काढा. जमिनीपासून वीतभर वर, सावलीत, वारं खेळेल अशा जागी, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. वर पत्रा, बाजू उघड्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत तर आठवड्यात बुरशी. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर धरा, दुष्काळी तालुक्यांत थोडं लवकर.

१३. ठोकळ्याखाली पिठासारखा भुगा पडतोय.

पोखरणारा भुंगा आहे. पांगारा, सावर, आंबा यांच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात स्टार्च असतो, त्यासाठी तो येतो. बासवूडची छिद्रं इतकी बारीक की अंडी घालायला जागा मिळत नाही, त्यामुळे त्यात हा त्रास कमी. तुकडा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. छोटा असेल तर घट्ट पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. नव्यानं कापलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी लावणं हा जुना आणि चांगला उपाय आहे, पण चमचे-भांडी करणार असाल तर नको.

१४. लाकूड खराब की माझा चाकू, कसं कळणार?

आडव्या कापाच्या तोंडावर एक काप घ्या. पृष्ठभाग चमकला तर चाकू ठीक. पांढरट, कुस्करलेला दिसला किंवा ओरखड्याची रेघ उमटली तर धार लावा. मऊ लाकडाला धार कमी लागते हा गैरसमज आहे. कडक लाकूड बोथट चाकूलाही निमूट कापू देतं, मऊ लाकूड तंतू चेपून लगेच चुगली करतं. 'खराब बासवूड'च्या बऱ्याच तक्रारी चामड्याच्या पट्ट्यावर चाकू घासला की मिटतात.

१५. बासवूडचा चमचा, देव्हारा, कापडावरचे ठसे चालतील?

चमचा: वास-चव नाही म्हणून चालतो, पण मऊ असल्यानं कडा लवकर झिजतात. देव्हारा: रोज तेल, पाणी, तांब्याचा धक्का. नक्षीवर खळगे पडतील, शिवण किंवा साग घ्या. ठसे: नाही. ठोकून ठोकून बारीक रेघ बसते, तिथे साग-शिसवीच हवं. आणि अंगणात, पावसात ठेवायचं काहीही बासवूडमध्ये करू नका, ते लवकर कुजतं.

१६. दीड फुटाची मूर्ती करायची आहे. एवढा जाड ठोकळा कुठेच नाही. फळ्या चिकटवू का?

हो. जाड बासवूड मिळालं तरी आतून नीट वाळलेलं असेलच असं नाही, त्यापेक्षा चिकटवलेलं भरवशाचं. सगळ्या फळ्या शक्यतो एकाच फळीतून कापलेल्या, ओलावा सारखा (प्रश्न ११ ची वजनाची युक्ती), आणि रेषा एकाच दिशेनं. एक फळी उलटी लागली तर प्रत्येक सांध्यावर पटाशीची दिशा बदलावी लागेल. रंध्यानं दोन्ही बाजू इतक्या सपाट करा की उजेडात धरल्यावर फट दिसणार नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद पुरे. शिकंजे चोवीस तास सोडू नका. वाळलेला गोंद लाकडापेक्षा कडक होतो, म्हणून सांधा चेहऱ्यावरून, निदान डोळ्यांवरून जाणार नाही असं आधीच कागदावर आखून घ्या.

अखंड ओंडक्यातच करायची असेल, शिवणीत किंवा पांगाऱ्यात, तर मूर्ती मागून पोकळ करा आणि गराचा भाग पूर्ण काढून टाका. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जर्मन कारागिरांनी लिंडेनच्या मोठ्या मूर्ती अशाच मागून कोरून काढल्या. भिंतीला टेकणारी मूर्ती असेल तर हे सोपं पडतं. चारी बाजूंनी दिसणारी असेल तर पोकळी तळातून घ्या, आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवा.